साहेब गेले, चार्जचे कागद मागितले: माहिती अधिकाराचा नागपुरी रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकते, ५ पैकी ३. त्यातले अडीच कायद्याचे आणि उरलेला अर्धा एका रेकॉर्ड रूमवाल्या काकांचा, ज्यांनी कपाटाची किल्ली शोधायला डबा अर्धवट बंद करून ठेवला. कार्यालयाला स्वतःचा म्हणून काही देता येत नाही, सॉरी.

सेवा कोणती ते सांगते. माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा, फी १० रुपये. आता हे काही नवीन नाही, सगळ्यांनाच माहीत आहे, पण मी तो एका खास कामासाठी वापरून पाहिला आणि त्या कामाबद्दल कोणी धड लिहिलेलं सापडलं नाही म्हणून लिहून राहिली. काम असं, की शहरातला एखादा मोठा अधिकारी खुर्ची सोडून जातो, बदली म्हणा, प्रतिनियुक्ती संपली म्हणा, स्वेच्छानिवृत्ती म्हणा, तर तो काय सही करून गेला, काय तसंच टांगून गेला आणि मधातच काऊन गेला, हे आपल्यासारख्याला कळू शकते का. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, साहेबांचंही नाही, विचारलं तरी सांगणार नाही. शहरातलं एक मोठं कार्यालय, बस.

गरज का पडली तर आमच्या लेआउटमधल्या पावसाळी नालीमुळं. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी ओव्हरफ्लो झाला आणि रातोरात लोकांच्या घरात पाणी शिरलं तेव्हापासून नागपुरात नाली हा विषय कोणी हसण्यावारी नेत नाही. आमचं प्रकरण तसं साधं होतं, दोन प्लॉटच्या मधून नाली काढायची, मोजणी झालेली, नकाशा झालेला, साहेब स्वतः येऊन पाहून गेले, चपला चिखलात भरल्या तरी कुरकुर केली नाही, चांगला माणूस होता खरं सांगायचं तर. "पुढच्या आठवड्यात सही करतो" म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात त्यांची बदलीच झाली. त्यांच्या जागी ज्यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार होता ते म्हणाले माझ्यासमोर अशी फाइल आलीच नाही, आणि शाखेतले म्हणाले ते आधीच्या साहेबांकडे होतं. झालं. आता आधीचे साहेब दुसऱ्या जिल्ह्यात, फाइल कुठं ते देवालाच माहीत.

गंमत पाहा, बदलीचा आदेश निघाला की तासाभरात त्याची पीडीएफ शहरातल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते. कोण कुठून कुठं गेलं, कोणाला साइड पोस्टिंग मिळाली, कोणाची लॉटरी लागली, सगळं पब्लिक. निरोप समारंभाचे फोटो पब्लिक, पुष्पगुच्छ पब्लिक, नवीन साहेबांनी पहिल्याच दिवशी घेतलेली झाडाझडती पब्लिक. पण चार्जमध्ये काय दिलं काय घेतलं हे कोणी विचारत नाही. साधा भाडेकरू खोली सोडून जाते तर घरमालक मीटरचं रीडिंग लिहून घेते, पंखे मोजते, मगच डिपॉझिट परत करते, आणि इथं कोट्यवधीच्या फाइली सांभाळणारा माणूस जातो तर आपण फक्त शाल-श्रीफळाचा फोटो लाइक करतो.

नागपूरकरांना २०२० आठवत असेलच. तुकाराम मुंढे जानेवारीत मनपा आयुक्त म्हणून आले आणि ऑगस्टच्या शेवटी बदली, ऐन कोरोनात, ते स्वतः पॉझिटिव्ह असताना. त्यांच्या जागी राधाकृष्णन बी. आले. मुंढेंची ऑर्डर जीवन प्राधिकरणात निघाली होती, तिथं रुजू व्हायच्या आधीच तीही रद्द झाली. तेव्हा अर्धं शहर म्हणत होतं चांगल्या माणसाला टिकू देत नाहीत, अर्धं म्हणत होतं बरं झालं, कोणाचं ऐकूनच घेत नव्हते. मी कोणत्या बाजूची होती ते सोडा. मला आजही वाटते की दोन्ही बाजूंनी भांडून घेतलं, पण लेखी कारण काय नोंदवलं हा कागद मागायचं डोकं फार थोड्यांनी लावलं. कारण नियमात तो कागद असायलाच पाहिजे न. सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या केसमध्ये सांगितलं की अधिकाऱ्यांना ठरावीक मुदत द्या आणि बदल्यांसाठी नागरी सेवा मंडळ नेमा, २०१४ मध्ये आयएएसच्या नियमात दोन वर्षांची किमान मुदत आली, त्याआधी हलवायचं तर मंडळानं कारणं नोंदवायची. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी तर आपला महाराष्ट्राचा वेगळा बदल्यांचा कायदा आहे २००५ चा, लोक ज्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात तोच, त्यात साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ आणि मधातच बदली करायची तर लेखी कारण आणि वरच्या प्राधिकाऱ्याची मंजुरी. म्हणजे कारण कुठंतरी एका टिपणीवर लिहिलेलं असते. ते आपल्यापर्यंत येत नाही एवढंच.

महापालिकेत अजून एक दार असते, सभागृहाचं. महानगरपालिका अधिनियमात आयुक्ताला परत बोलावण्याचा ठराव आहे, एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश मतांनी. नवी मुंबईत २०१६ मध्ये याच मुंढेंवर अविश्वास ठराव पास झाला होता, आणि बरोबर की चूक ते बाजूला ठेवा, निदान कोणाला काय खटकलं ते उघड सभागृहात बोललं तरी गेलं. आपल्याकडे मार्च २०२२ मध्ये मनपाची मुदत संपली आणि त्यानंतर कितीतरी काळ आयुक्तच प्रशासक, सभागृह नाही, स्थायी समिती नाही. त्या काळात कोणी अधिकारी आला काय, गेला काय, प्रश्न विचारणारं बाकच रिकामं होतं. मग उरते काय तर १० रुपयांचा स्टॅम्प.

आता मुद्द्याचं. ही सेवा वापरायची कशी.

"का" विचारायचं नाही. "साहेबांची बदली का झाली", "फाइल का अडली", असं लिहिलं की अर्ज गेला. आमच्या लेनमधल्या एका काकांनी आधी असाच अर्ज टाकला होता, चांगल्या अक्षरात, मुद्देसूद, आणि त्यांना एका ओळीचं उत्तर आलं की प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. ते चिडले, पण तांत्रिक दृष्ट्या उत्तर बरोबर होतं. मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानं २००८ मध्येच म्हटलेलं आहे की माहिती अधिकाऱ्यानं एखादी गोष्ट का झाली किंवा का नाही झाली याचं स्पष्टीकरण देणं अपेक्षित नाही, रेकॉर्डवर जे आहे ते द्यायचं. तेव्हा कागदच मागायचा, नावानिशी. मी जे मागितलं ते असं होतं: कार्यमुक्तीचा आदेश, कार्यभार हस्तांतरणाचं प्रमाणपत्र म्हणजेच चार्ज रिपोर्ट आणि त्यासोबतची प्रलंबित प्रकरणांची यादी, शेवटच्या पंधरवड्याचं जावक रजिस्टर म्हणजे कोणता कागद कुठं बाहेर गेला त्याची नोंदवही, साहेबांचं ना-देय प्रमाणपत्र म्हणजे गाडी-बंगला-लॅपटॉप सगळं जमा केल्याचं, आणि मुदतीआधी बदली असेल तर त्याची कारणं नोंदवलेली टिपणी. शेवटी एक ओळ, की ही कागदपत्रं मला प्रत्यक्ष पाहायचीही आहेत. ही ओळ विसरू नका, पुढं कळेल का.

महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत बसवावा लागते आणि विषय एकच पाहिजे, त्यामुळं आपली दुःखं लिहीत बसायला जागाच नसते, हे एका अर्थी बरंच आहे. जोडपत्र अ चा नमुना, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ऑनलाइनही टाकता येतो पण मी मुद्दाम हाती दिला, पोच घेऊन, कारण पोचेवरचा शिक्का आणि तारीख दाखवली की समोरच्याचा सूर बदलतो हा माझा अनुभव आहे.

आवक खिडकीवरचा सीन लिहितेच. खिडकीवरच्या भाऊंनी अर्ज वर-खाली वाचला आणि पहिला प्रश्न, "मॅडम, तुम्ही प्रेसच्या का?" नाही म्हटलं. "पार्टीच्या?" नाही. "मग तुमाले याचं काय करायचं?" आता कायद्यात स्पष्ट आहे की माहिती कशासाठी पाहिजे हे सांगायची गरज नाही, कलम ६, पण खिडकीवर कलम सांगितलं की माणसं अजून आखडतात, म्हणून मी म्हटलं भाऊ, नालीचं काम आहे. एकदम मोकळे झाले. "हाव का? मग असं सांगा न. आमच्याकडेही तेच होऊन राहिलं, नरसाळ्याकडे राहते मी." शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला, वर सल्लाही दिला की रजिस्टर मागितलं ते बरं केलं, सगळा खेळ रजिस्टरमध्येच असते. ह्या माणसाला मी पूर्ण पाच देईन पण ते मला नंतर परत दिसले नाहीत, त्यांचीही टेबल बदली झाली म्हणे.

कायद्यानं ३० दिवस. उत्तर मुदतीच्या अगदी काठावर आलं आणि त्यात अर्ध्याहून जास्त गोष्टींना नकार. आदेशाची प्रत मिळाली, जी माझ्याकडे व्हॉट्सअॅपवर आधीच होती, फक्त आता तिच्यावर साक्षांकित असा शिक्का होता. टिपणीचा भाग कलम ६(३) खाली वर पाठवला कारण बदलीचा निर्णय त्यांच्या स्तरावरचा नाही, हे ठीकच आहे, पाच दिवसांत पाठवायचा असतो तो त्यांनी बराच उशिरा पाठवला, आणि वरून काय आलं तर परत तोच आदेश, त्यात "प्रशासकीय कारणास्तव". बाकी चार्ज रिपोर्ट आणि ना-देय प्रमाणपत्र ही म्हणे वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(ञ).

इथं थोडं थांबते कारण हे कलम प्रत्येकाला आडवं येणार आहे. अधिकाऱ्यांबद्दल काहीही विचारलं की हेच फेकून मारतात आणि त्यामागं सुप्रीम कोर्टाचा २०१२ चा देशपांडे निकाल असतो. ते प्रकरण आपल्याच विदर्भातलं आहे बरं का, अकोल्यात काम केलेल्या एका अधिकाऱ्याचे मेमो, कारणे दाखवा नोटिसा, मालमत्तेचा तपशील असं सगळं मागितलं होतं, आणि कोर्टानं म्हटलं की हा नोकर आणि मालक यांच्यातला मामला आहे, मोठं जनहित दाखवलं तरच मिळेल. ठीक. पण त्या निकालात चार्ज रिपोर्ट कुठं आहे? साहेबांची पत्नी कोण, त्यांनी कर्ज किती काढलं, त्यांना शुगर आहे का, हे मी विचारलंच नव्हतं. सरकारी खुर्ची सोडताना सरकारी फाइली कोणाच्या हवाली केल्या हे वैयक्तिक कसं काय होते बे? माझं ठाम मत आहे की नव्वद टक्के पीआयओ, म्हणजे जन माहिती अधिकारी, हा निकाल न वाचताच लावतात. बरं, टक्केवारी माझ्या मनातली आहे, रागाची आहे.

आणि आता तर त्यांच्या हातात अजून मोठी काठी आली. आधी या कलमात एक फार भारी ओळ होती, की जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. नागपूरकरांसाठी ही ओळ म्हणजे आपल्या घरचंच उदाहरण होतं, डिसेंबरात हिवाळी अधिवेशनात विधान भवनात एखाद्या आमदारानं तारांकित प्रश्न टाकला की अमुक अधिकारी मुदतीआधी का हलवला तर ही सगळी कार्यालयं रात्री बारापर्यंत जागून उत्तर तयार करतात, मग तेच मी मागितलं तर का नाही? डेटा संरक्षण कायद्यानं ही ओळ काढून टाकली आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू आहे. कलमात आता फक्त "वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती" एवढंच उरलं. पण ८(२) शिल्लक आहे, जनहित हे होणाऱ्या हानीपेक्षा जास्त असेल तर देता येते, आणि कलम १० सुद्धा आहे, म्हणजे कागदातला जो भाग द्यायचा नाही तो झाकून उरलेला द्यायचा. अपिलात मी हीच दोन कलमं धरली. भावनिक काही लिहिलं नाही.

पहिलं अपील, जोडपत्र ब, २० रुपयांचा स्टॅम्प, नकार मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत. सुनावणी त्याच इमारतीत, फक्त दोन माळे वर, एसीमध्ये. अपिलीय अधिकारी मॅडम होत्या, तयारीनं आल्या होत्या, आणि त्यांनी पीआयओंना सरळ विचारलं, "चार्ज रिपोर्टमध्ये यांच्या कुटुंबाची माहिती आहे का?" नाही मॅडम. "मग काय वैयक्तिक आहे?" पीआयओ सर गप्प. इतक्या कमी वेळात निकाल लागला की मला वाटलं आपण इतकी रात्र जागून मुद्दे काढले ते वायाच गेले. ना-देय प्रमाणपत्र वसुलीच्या रकमा झाकून द्या, चार्ज रिपोर्ट यादीसकट द्या, रजिस्टर दाखवा. या सुनावणीला पाचपैकी चार. एक कापला कारण चालत येऊ न शकणाऱ्या माणसानं दोन माळे कसे चढायचे, लिफ्ट बंद होती.

आता खरा माल. निरीक्षण.

रेकॉर्ड रूम तळमजल्यावर, मागच्या बाजूला, बाहेर जुन्या कूलरच्या सांगाड्यांची रांग. काकांनी किल्ली शोधली, एक स्टूल पुसून दिलं आणि पंखा माझ्याकडे वळवला. चार्ज रिपोर्ट म्हणजे एक पानाचा छापील नमुना निघाला. मी अमुक, अमुक पदाचा कार्यभार आज दिनांक तमुक रोजी मध्यान्होत्तर सोडला, खाली सोडणाऱ्याची सही, त्याखाली घेणाऱ्याची सही, निळी आणि हिरवी शाई. त्यासोबत जोडलेल्या कागदावर तक्ता होता, रोकड, चेकबुक, गोपनीय कागदपत्रं, न्यायालयीन प्रकरणं, प्रलंबित प्रकरणं. प्रत्येक रकान्यापुढं एकाच हस्ताक्षरात, एकाच झटक्यात लिहिलेलं, निरंक, म्हणजे काहीच नाही. निरंक. निरंक. न्यायालयीन प्रकरणंसुद्धा निरंक! ज्या कार्यालयाचे वकील हायकोर्टाच्या पायऱ्यांवर रोज दिसतात त्यांची न्यायालयीन प्रकरणं निरंक. मी काकांना दाखवलं तर ते हसले, "मॅडम, हे असंच असते. यादी करत बसले तर साहेब जातील कधी?"

माझ्या मते या संपूर्ण सेवेत सर्वात मोठी गळती इथंच आहे, आणि ती माहिती अधिकाराची नाहीच. कायद्यानं तुम्हाला कागद मिळून जाते, पण कागदच रिकामा असला तर तुम्ही काय वाचणार. नालीसारखी चिल्लर गोष्ट सोडा, समजा एखाद्या ठेक्याची फाइल आहे. रिटायर झालेल्या सरकारी माणसावर नव्यानं विभागीय चौकशी लावायची तर महाराष्ट्राच्या पेन्शन नियमांमध्ये चार वर्षांची अट आहे, नियम २७, म्हणजे घटना चार वर्षांपेक्षा जुनी झाली की विभागीय चौकशीचं दार बंद, मग फक्त पोलीस-कोर्ट. चार्जच्या वेळी ज्यांनी निरंक लिहिलं आणि ज्यांनी ते निरंक वाचून सही केली त्या दोघांच्या मधात ही चार वर्षं आरामात निघून जातात, कारण नवीन माणूस म्हणतो माझ्या काळातलं नाही आणि जुना म्हणतो मी तर चार्ज देऊन मोकळा झालो.

मग जावक रजिस्टर. जाड, लाल कापडी पाठ, कोपरे दुमडलेले. शेवटच्या दिवशीच्या नोंदी इतर दिवसांच्या मानानं खूपच जास्त, तिप्पट तरी असतील, आणि त्यातल्या बऱ्याच एकाच अक्षरात. त्याच्या आधीच्या पानांवर मधेमधे क्रमांकाला अ, ब लावलेल्या नोंदी, दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात बसवलेल्या. मी विचारलं हे काय. टेबलवरच्या ताईंनी सांगितलं, "कधी कधी नंबर राहून जाते न मॅडम, मग नंतर टाकावा लागते." असेलही. मी कोणावर आरोप करून राहिली नाही, फक्त त्या पानांच्या साक्षांकित प्रती मागितल्या, २ रुपये पान, पैसे भरले, पावती घेतली. वाचणाऱ्यानं तारखा आणि अक्षरं स्वतः पाहावीत. पहिला तास निरीक्षण फुकट असते, त्यानंतर पैसे लागतात पण नाममात्र, तेव्हा घाई करू नका.

आणि आमची नाली? सापडली. त्याच शेवटच्या दिवशी, त्याच घाईच्या अक्षरात, आमची फाइल तांत्रिक शाखेला परत गेलेली होती, शेरा "स्थळ पाहणी करून फेरसादर करावे". स्थळ पाहणी तर साहेबांनी स्वतः केली होती, चिखलात! पण सही करायची नाही आणि टेबलही रिकामं दाखवायचं, तर हा शेरा सर्वात सोयीचा. म्हणून ती प्रलंबित यादीतही नाही आणि नवीन साहेबांसमोरही नाही, दोघंही खरंच बोलत होते. जावक क्रमांक हातात घेऊन मी तांत्रिक शाखेत गेली आणि तिथल्या इंजिनीअर भाऊंनी त्याच गठ्ठ्यातून फाइल काढून दिली, वर म्हणाले, "नंबर आणला म्हणून सापडली, नाहीतर इथं कोण पाह्यते." आता ती परत वर सरकली आहे. नाली अजून झालेली नाही, हे पण लिहून ठेवते, उगाच सक्सेस स्टोरी वाटायला नको.

एक गोष्ट जी बऱ्याच जणांना ठाऊक नाही. २०१८ मध्ये राज्य सरकारनं परिपत्रक काढलं होतं की जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना रेकॉर्ड पाहायला खुलं ठेवायचं, जेणेकरून माहिती अधिकाराचे अर्ज आणि अपिलं कमी होतील. मी एका सोमवारी ते परिपत्रक प्रिंट करून घेऊन गेली. गेटवरच्या गार्डनं असं काही नसते म्हणून सांगितलं, शाखेतल्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग एका ज्येष्ठ लिपिकानं प्रिंट हातात घेऊन चष्मा लावून पूर्ण वाचली आणि म्हणाले, "आहे खरं असं. पण आतापर्यंत कोणी आलंच नाही न." बसू दिलं. चहा पण आला, कमी गोड. तेव्हा ट्राय करून पाहायला हरकत नाही, मूड आणि माणूस चांगला असला तर पूर्ण ३० दिवस वाचतात.

मुळात यातलं निम्मं मागावंच लागायला नको. कलम ४ खाली अधिकाऱ्यांची निर्देशिका, त्यांचा पगार, निर्णय घेण्याची पद्धत, असे १७ मुद्दे कार्यालयानं स्वतःहून प्रसिद्ध करायचे आणि अपडेट ठेवायचे आहेत. आता कोणत्याही शहरातल्या कोणत्याही कार्यालयाची वेबसाइट उघडून बघा, दोन साहेबांपूर्वीचं नाव आणि बंद पडलेला लँडलाइन नंबर हमखास भेटते. माझी तर अपेक्षा एवढीच आहे की मोठा अधिकारी गेला की चार्ज रिपोर्ट आणि भरलेली, निरंक नसलेली, प्रलंबित यादी आठवडाभरात साइटवर टाकायची. यात कोणाची खासगी गोष्ट उघडी पडत नाही. उलट जाणाऱ्या प्रामाणिक अधिकाऱ्याचंच रक्षण होते, नंतर कोणी म्हणायला नको की हे त्यांच्या काळात झालं. आमचे चिखलातले साहेब मला अजूनही वाईट वाटत नाहीत, फक्त त्या शेवटच्या दिवशी त्यांना निवांत बसून यादी करायला कोणी वेळ दिला नसावा, समोरच्या पोस्टवर लगेच रुजू व्हा म्हणून फोन येत असतील.

ही सेवा कोणी घ्यावी? ज्याला एक ठरावीक फाइल शोधायची आहे त्यानं डोळे मिटून घ्यावी, १० रुपयांत एवढा माल दुसरीकडे मिळत नाही. ज्याला साहेबांच्या बदलीमागचं राजकारण काढायचं आहे त्याला यातून "प्रशासकीय कारणास्तव" याच्यापलीकडे काही मिळणार नाही, त्यानं बर्डीवर तर्री पोहा खात गप्पा ऐकाव्यात, जास्त कळेल. बदलीच्या टिपणीसाठी माझं दुसरं अपील माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठात टाकलेलं आहे, जोडपत्र क, परत २० रुपये, पहिल्या अपिलाचा निर्णय आल्यापासून ९० दिवसांच्या आत टाकायचं असते. दुसऱ्या अपिलाचा निकाल किती दिवसांत लावायचा याला मात्र कायद्यात मुदतच नाही, तेव्हा त्याचे स्टार आत्ता देता येत नाहीत. कोणाला चार्ज रिपोर्टच्या अर्जाचा नमुना पाहिजे असेल तर माझा १४२ शब्दांत बसला होता, तोच उतरवून घ्या, फक्त पद आणि तारीख बदला आणि जावक रजिस्टरची ओळ काढू नका.